मामासोली-अकांचा खोकला

मार्गिलान शहरातल्या आमच्या चहाखान्यात एकमेकांची यथेच्छ टर उडवायची पद्धत आहे, आणि टोमण्याला उत्तर न देणारा हरतो. मामासोली-अका, म्हणजे आमचे थोरले भाऊच, तिथे कधीच हरले नाहीत.

चाळीस वर्षांच्या सिगारेटींपायी त्यांचं डावं फुफ्फुस काढावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उरलेल्या फुफ्फुसात कफ साठला, तर न्यूमोनिया होईल. टाक्यांवर उशी दाबा आणि जोरात खोका." पण दुखेल म्हणून अका नव्या नवरीसारखे नुसते खाकरत होते.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मी आणि कोबिलजान हलवाई पुलाव घेऊन इस्पितळात गेलो. "अका, पडून राहा, हलू नका," मी प्रेमानं म्हणालो.

"पडून राहूनच कफ साठतोय!" होसियत नर्स कडाडली. "बसवा त्यांना!"

बसवलं. कोबिलजाननं खुर्ची ओढली. "अका, चहाखान्यात माशा परत आल्यात. इतकी वर्षं तुमच्या धुराला भिऊन परागंदा होत्या बिचाऱ्या."

"हसवू नकोस मेल्या, टाके तुटतील!"

"आणि वहिनी डॉक्टरांना विचारत होत्या, फुफ्फुस निम्मं झालं, आता घोरणंही निम्मं होईल ना?"

अकांनी उशी कवटाळली. हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला आणि भलामोठा बेडका भांड्यात पडला. होसियतनं छातीला तपासायची नळी लावून ऐकलं. तिचा चेहरा उजळला.

"छाती मोकळी झाली!" ती कोबिलजानकडे वळली. "उद्या किती वाजता येताय?"

अकांनी पोटभर श्वास घेतला, खास उत्तरासाठी.

"उद्या बरे विनोद आण, कोबिल. हे ऐकून उरलेलं फुफ्फुसही काढून द्यावंसं वाटलं!"