मान हलवण्याची भूमिका

नांदेडच्या नाट्यगृहात, भरल्या प्रेक्षकांसमोर, मी चुकीच्या मात्रेवर मान हलवली. अख्ख्या नाटकात मला तेवढंच काम होतं.

नाटक माझ्या बायकोच्या मामांचं. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत. पण पोत्यांच्या थप्पीला टेकून आयुष्यभर तालात राहिलेला असा माणूस मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. तबल्याचं आवर्तन फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं ती सम, एवढं मलाही ठाऊक आहे. मामांच्या लेखी मात्र जगातली प्रत्येक गोष्ट समेवर यायला हवी. हमालांनी एकाच्या जागी 'लाभ' म्हणत, 'लाभ, दोन, तीन' करत पोती मोजावीत आणि मामांनी मांडीवर ठेका धरावा. कुणाची लय चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कुकरच्या शिट्ट्या लांबल्या की मामींना म्हणायचे, "डाळ विलंबित चालून राहिली, गॅस वाढव." एकदा लातूरच्या स्टँडवर बस लागलेली असताना हे टपरीवरच्या रेडिओपुढून हलेनात. मी ओढलं तर म्हणाले, "थांबा हो जावईबापू, तान मधीच सोडून जाऊ का?" तान संपली, सम आली, बस गेली. पुढच्या बसमध्ये उभ्यानं येताना मी कुरकुरलो, तेव्हा माझी समजूत काढत म्हणाले, "पण सम लई गोड होती."

अशा माणसाचा गळा ऑपरेशनमध्ये गेला. बोलणं घोगरं का होईना, राहिलं, गाणं गेलं. त्यांच्या देगलूरच्या गुरुजींनी रचलेल्या बंदिशी ना कुठं छापल्या होत्या, ना कुणी रेकॉर्ड केल्या होत्या. त्या होत्या फक्त मामांजवळ. मग ते रोज सुनेसमोर बसू लागले. बोटांनी, भुवयांनी, घोगऱ्या गुणगुणण्यानं एकेक बंदिश त्यांनी तिच्या गळ्यात उतरवली आणि त्या सगळ्या गुंफून गुरुजींवर नाटक लिहिलं. "नुसत्या गाण्याला कोण येतंय? नाटकाला येतेत. एकदा लोकांच्या कानावर पडू द्या, मग मी मोकळा."

शेवटच्या अंकात वाचा गेलेले गुरुजी खाटेवरून शिष्येच्या, म्हणजे सूनबाईच्या, तोंडून बंदिश ऐकतात आणि समेवर एकदाच मान हलवतात. ही भूमिका मला मिळाली, कारण मामांच्या मते माझा चेहरा मुळातच आजारी आहे. तालमीत मी एकदाही चुकलो नाही. मामा समोर बसायचे, समेला त्यांची भुवई उडायची आणि मी मान हलवायचो; हे गुपित मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रयोगाला मामा विंगेत, माझ्या पाठीमागे.

सूनबाई अशी गायली की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. भारावून मी समेच्या बऱ्याच अलीकडेच मान हलवली. वर मुक्या गुरुजींच्या तोंडून 'वाहवा' निघालं ते वेगळंच. गुरुजींची मान हलली म्हणजे सम आली आणि आपणच चुकलो, असं समजून ती बिचारी थांबली. तबला थांबला. पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात विंगेतून फाटका, घोगरा आवाज आला. मामा गात होते. कुठं सूर लागत होता, कुठं नुसतीच हवा निघत होती. काही अक्षरं तर उमटलीच नाहीत. ती सुनेनं उचलली. मग तबला जागा झाला आणि सासरा-सून मिळून समेवर आले. मी मान हलवली नाही. हिंमतच नव्हती. लोकांना वाटलं, गुरुजींचा आतला आवाज दाखवलाय, टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर मामा विंगेतल्या खोक्यावर बसून होते. सूनबाई त्यांच्यापुढं पाण्याचा गिलास धरून उभी होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"ऐकलं की मामा लोकांनी," मी म्हणालो.

"हाव, ऐकलं." गळ्यावरून हात फिरवत ते पडद्याच्या फटीतून रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे बघत राहिले. "गुरुजी पाहिजे होते आज."

मी हळूच विचारलं, "मग पुढच्या, लातूरच्या प्रयोगाला मी काय करू?"

"लोकांत पार मागं बसा, जावईबापू. खांबाच्या आड. तुमची मान सूनबाईला दिसली न्हाई पाहिजे."