लाडवातली खसखस

भूजलातील क्षारांच्या संशोधनासाठी मला इराकला जायचे होते. परदेशी जाण्याची माझी ही पहिलीच वेळ होती, म्हणून धोक्यांचा विचार मी शास्त्रशुद्ध केला. लसी घेतल्या, विमा काढला, भारतीय दूतावासाकडे नोंदणी केली.

विमान दुबईत बदलायचे होते. तिथले सीमाशुल्काचे नियम वाचताना निषिद्ध वस्तूंमध्ये खसखस आढळली. त्याच वेळी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात आई माझ्या सामानासाठी डिंकाचे लाडू वळत होती.

“आई, यात खसखस आहे का?”

“आहे की. तिच्याशिवाय लाडू होतो व्हय?”

“दुबईत ती अमली पदार्थांत धरतात. सापडली तर तुरुंगात टाकतील.”

आईने हातातला लाडू निरखून पाहिला. “बॉम्ब पडतात तिथं निघालीस आणि लाडवाला भितीस?”

बॉम्ब टाळणे माझ्या हाती नव्हते. खसखस टाळणे होते. तसे सांगून मी बॅगेतला काळा मसालाही बाहेर काढला, कारण त्यातही ती होतीच.

आईने कढईत शेंगदाणे भाजायला घेतले आणि लसूण, तिखट, मीठ माझ्यासमोर आणून ठेवले. “यातलं काय चालतं ते वाचून सांग,” ती म्हणाली, “मग चटणी कुटते.”