मी आखलेली उत्तरपत्रिका

मूल परीक्षेत चुकले, तर ती चूक मुलाची धरावी की त्याला शिकवणाऱ्याची? वर्गात हा प्रश्न मी कधी मांडला नव्हता. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. या जानेवारीत तालुक्याच्या एका शाळेच्या बंद फाटकाबाहेर दोन तास काढल्यावर तो मला स्वतःपुढे मांडावा लागला.

परीक्षा कोणती, ते आधी सांगते. आमच्या जिल्ह्यात सरकारची एक निवासी शाळा आहे. सहावीपासून बारावीपर्यंत तिथे राहणे, जेवण, पुस्तके आणि शिक्षण मोफत असते. प्रवेश मात्र पाचवीत असताना दिलेल्या एका परीक्षेवर ठरतो, आणि ती परीक्षा एकदाच देता येते. दोन तास, ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. योग्य पर्यायाचा गोल उत्तरपत्रिकेवर पेनने काळा करायचा. पेनने भरलेला गोल खोडता येत नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे ते लागणार आहे.

मी पुसेगावजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझे यजमान आणि सासरे मेंढ्या-शेळ्या पाळतात, थोडी कोरडवाहू जमीनही करतात. आमची मुलगी माझ्याच वर्गात पाचवीत आहे. घरी ती मला आई म्हणते आणि वर्गात बाई. आमच्या शाळेतून आठवी पास होऊन गेलेल्या मुली पुढे किती शिकल्या, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. म्हणून ती जागा मला हवी होती. मुलीला हवी होती का, हे मी विचारले नव्हते.

ऑगस्टमध्ये मी सरावाची योजना केली. आकृत्या सकाळी, गणित शाळेनंतर, उतारे रविवारी. सरावासाठी उत्तरपत्रिका लागते, म्हणून एक कागद आडवा धरून पट्टीने आखला. पेनच्या टोपणाला शाई लावून गोल उमटवले आणि त्या एका कागदाच्या झेरॉक्स काढून आणल्या. एका ओळीत पाच प्रश्न, अशा सोळा ओळी. आकडे डावीकडून उजवीकडे लिहिले. असे का लिहिले, याचे कारण मला आता सांगता येते: वर्गाच्या भिंतीवरचा एक ते शंभरचा तक्ता तसाच असतो, आणि तो मी पंधरा वर्षे रोज पाहते आहे. खरी उत्तरपत्रिका कशी असते, हे पाहण्याचे मला सुचले नाही. गोल म्हणजे गोल, असे मी धरले.

वेळ वाचावा म्हणून मी तिला एक रीत लावून दिली. डाव्या हाताचे बोट उत्तरपत्रिकेवर ठेवायचे आणि एक गोल भरला की एक घर उजवीकडे सरकवायचे. "आकडा वाचत बसू नकोस," मी सांगत असे, "बोटावर विश्वास ठेव." मी घड्याळ लावून तपासले होते, या रीतीने खरोखरच वेळ वाचत होता. आणखी एक नियम होता, तो मी माझ्या सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगते: पेपर झाला की त्यावर बोलायचे नाही. त्याने काही बदलत नाही, फक्त मन खट्टू होते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे काळीपिवळी जीपने तालुक्याला गेलो. मुलगी शांत होती. साडेदहाला मुलांना आत घेतले, साडेअकराला घंटा झाली, फाटक बंद झाले. पालक लिंबाच्या सावलीत बसले. कोणीतरी हरभऱ्याचे डहाळे आणले होते, ते सोलत लोक एकमेकांच्या मुलांची चौकशी करत होते.

माझ्या शेजारी आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावचे एक गृहस्थ होते. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचे त्यांचे काम. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी खिशातून एक घडी काढली.

"बगा मॅडम, तुमाला तर हे पाठच असंल. आमी आडाणी माणसं, म्हणून मोबाइलवरून नमुना काढून आणला. पोराला म्हणलं, हितं विहिरीत उतरल्यावानी उतरायचं. वरून खाली. तळ लागला की दुसरी विहीर."

तो अधिकृत उत्तरपत्रिकेचा नमुना होता. चार उभे रकाने, प्रत्येकात वीस प्रश्न. एकच्या खाली दोन, दोनच्या खाली तीन. एकच्या उजवीकडे एकवीस.

मी कागद परत दिला. "चांगलं समजावलंत," एवढे बोलले आणि उठून भिंतीकडे गेले. यजमान मागोमाग आले.

"काय झालं? तोंड काहून उतरलं तुजं?"

मी सांगितले. माझा कागद आडवा होता, हा उभा आहे. तिचे बोट उजवीकडे सरकले, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकविसाव्यात जाईल, तिसऱ्याचे एक्केचाळिसाव्यात.

"पोरगी येडी न्हाई," ते म्हणाले.

"पोरगी ऐकणारी आहे. त्याचीच भीती वाटते."

हातातला डहाळा त्यांनी न सोलताच खिशात घातला.

मी प्रवेशपत्राच्या झेरॉक्सच्या मागे आकडे मांडले. आडव्या क्रमाने भरत गेल्यास ऐंशींपैकी किती उत्तरे आपल्या जागी पडतात? दोनदा मांडून पाहिले. पहिले आणि शेवटचे. बाकीची अठ्ठ्याहत्तर परक्या घरात. त्यांतले एखादे नशिबाने जुळले तर जुळले.

फाटकावरचा शिपाई मला ओळखत होता. पूर्वी एका प्रशिक्षणात त्याने आम्हाला चहा दिला होता. माझी चलबिचल त्याने पाहिली असावी. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आत काही सांगायचं हाय का? पाणी द्यायला जाऊनच राहिलो. चिठ्ठी असंल तर द्या."

मी स्वतः परीक्षांवर पर्यवेक्षक राहिले आहे. चिठ्ठी घेऊन आलेल्या पालकांना मी फाटकावरून परत पाठवले आहे, त्यांतल्या दोघांना कडक शब्दांत. तरी त्या दिवशी मी कागदाची पट्टी फाडली आणि लिहिले: 'आकडे बघ. वरून खाली भर.' यात कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नाही, असे मी स्वतःला सांगितले. मग घड्याळ पाहिले. साडेबारा होत आले होते. तिच्या वेगाने चाळीसच्या आसपास गोल भरून झाले असणार, आणि पेनने भरलेला गोल खोडता येत नाही. चिठ्ठी पोचली, तर ती अर्ध्या वाटेवर घाबरेल, एवढेच होईल.

"काही नाही," मी शिपायाला म्हणाले. पट्टी मुठीत राहिली. माझा हात कशाने थांबवला, नियमाने की हिशेबाने, हे मी पुष्कळदा तपासले. नियमाने थांबवला असे लिहायला आवडले असते.

दीड वाजता मुले बाहेर आली. मोटारीवाल्यांचा मुलगा लांबूनच ओरडला, "बराबर उतरलो विहिरीत!" आमची मुलगी शेवटच्या घोळक्यात होती, पाण्याची बाटली गळ्यात अडकवलेली.

"सगळे गोल भरलेस का?" मी विचारले.

"भरले."

"कसे भरलेस?"

तिने माझ्याकडे पाहिले. "पेपर झाला की बोलायचं न्हाई. तूच म्हणतीस ना?"

यजमान हसले आणि मग माझा चेहरा पाहून थांबले. "घरची मॅडम हरली," एवढेच म्हणाले आणि खिशातला डहाळा सोलून लेकीच्या हातावर दाणे ठेवू लागले. परतीच्या काळीपिवळीत ती त्यांच्या खांद्यावर झोपली. माझा नियम मोडायचा, तर मलाच तो तिच्यासमोर मोडावा लागणार होता, आणि विचारून उत्तर नको ते आले तर तिला कळणार होते की तिची एकुलती संधी तिच्या आईने आखलेल्या कागदाने घालवली. मी विचारले नाही. संध्याकाळ गेली. भाकरी करपल्या, सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातून मेंढ्या सोडायच्या होत्या. वाडा म्हणजे काट्यांचे कुंपण. त्याला एकच तोंड, एका वेळी एकच मेंढी बाहेर पडते. सासरे तोंडाशी उभे राहून मोजतात. मेंढीच्या पाठीला हात लागल्याशिवाय ते आकडा बोलत नाहीत, आणि आकडा बोलल्याशिवाय हात उचलत नाहीत. मुलगी दुसऱ्या बाजूने तसेच करत होती. मोजणी संपल्यावर आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, विचारले, "किती?" तिने सांगितले. "बराबर," ते म्हणाले, आणि कळप निघाला.

मग मात्र मला राहवले नाही. "काल बोट कसं सरकवलंस?"

"मी बोट सरकवतच न्हाई, आई."

"घरी तर सरकवत होतीस."

"तू बगत असलीस की सरकवते. तू तिकडं गेलीस की आकडा म्हणते मनात, मंग गोल. आबांवानी." थोड्या वेळाने तिने विचारले, "त्यांचा कागद उभा होता आणि तुजा आडवा. मला वाटलं, तुला ठाऊक असंल. ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला मी म्हणते, तेच ती मला म्हणाली: "असू दे. पुढच्या वेळी बगून घे."

निकाल अजून लागलेला नाही. तिला जागा मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळाली नाही तर ते माझ्या कागदामुळे नसेल, असे आता मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकते, पुराव्याने नाही. चिठ्ठीची पट्टी माझ्या पाकिटात आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला अर्धेच मिळाले: या वेळी चूक शिकवणाऱ्याची होती, आणि ती मुलीला बाधली नाही, कारण शिकणारीने शिकवणारीचे सगळे ऐकले नव्हते. असे प्रत्येक वेळी घडेल, असा नियम मी यातून काढत नाही.

माझ्या सांगण्यावरही विसंबू नये. आपण घरी आखलेला सरावाचा कागद घ्या, अधिकृत नमुन्याशेजारी ठेवा आणि दोन्हींवर एक ते ऐंशी आकड्यांवरून बोट फिरवा. मग मुलाला तो कागद भरायला द्या, आपण अंगणात जा, आणि ते एकटे असताना कसे भरते, ते खिडकीतून पाहा. तपासून पाहा, एवढीच विनंती.