आमच्या मजल्यावरच्या इशिदासान

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे ते आपोआप वाढतात. चार मैत्रिणी जमल्या की मी एक सांगायला जाते आणि पाच बाहेर पडतात!

नेदरलँड्सला यायचं ठरलं तेव्हा मी पुण्यात सहा महिने डचचा क्लास केला होता. नोकरी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या आयटी कंपनीत, आणि घर मिळालं जवळच अ‍ॅम्स्टलफेनला. या गावात जपानी वस्ती भरपूर, हे सामान लावून झाल्यावर कळलं. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातली तीन जपानी! त्यांना इंग्रजी बेताचं, आम्हाला जपानी शून्य. त्यातच लॉकडाऊन लागला. ऑफिस बंद, जाणंयेणं बंद, सगळं जग म्हणजे तो एक मजला. "डच शिकलीस ते बरं झालं," माझा नवरा पराग म्हणाला, "आता लिफ्टशी बोल!"

*

दिवाळीत मी शेजारच्या इशिदासानना, म्हणजे आपल्या भाषेत इशिदाबाईंना, डबाभर शंकरपाळे दिले. साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, कायम ॲप्रनमध्ये. दुसऱ्या दिवशी माझा डबा लख्ख धुऊन परत आला, आणि आत तांदळाची खारी बिस्किटं. आता आपल्याकडे शेजारणीने काही दिलं की गप्प बसवतं का? मी चिवडा दिला. त्यांच्याकडे भेट आली की परतभेट द्यावीच लागते, हे मला कुठे ठाऊक! डबा परत, आत केक. मग मी चकली. मग त्या लोणचं. तीन आठवडे तो डबा आमच्यापेक्षा जास्त फिरला.

शेवटी पराग हात जोडून म्हणाला, "तुमच्यापैकी एकीने तरी हार माना गं, माझी पँट बसेना!"

*

एकदा समोरच्या कोबायाशींनी टपालपेटीत चिठ्ठी टाकली. सुंदर अक्षर, सगळं जपानी. आम्ही दोघं घाबरलो. पराग म्हणाला, "मिक्सर! सकाळी सातला चटणी वाटतेस ना, त्याची तक्रार असणार." झालं, मिक्सर बंद. मी चौपदरी घोंगडीवर खलबत्ता ठेवून, श्वास रोखून दाणे कुटायला लागले.

तिसऱ्या दिवशी कोबायाशींकडून ड्रिलचा असा आवाज सुरू झाला की भिंती हलल्या. "बघ, सूड घेतायत," पराग कुजबुजला. तेव्हा कुठे मला चिठ्ठीचा फोटो काढून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायची बुद्धी झाली. लिहिलं होतं, 'आमच्याकडे दोन दिवस काम निघाले आहे. आवाजाचा त्रास होईल, त्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो.'

आम्ही मिक्सर लावला. दोन्ही घरांतून काय जुगलबंदी झाली म्हणता!

*

मला पाचवा महिना लागला आणि इशिदासान लांबच लांब पांढरं कापड घेऊन दारात. पोटाकडे बोट, मग कापड गुंडाळल्याची खूण. तेव्हाच पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर होती. ती किंचाळली, "अगं नाही! पोट बाळंत झाल्यावर बांधतात! आत्ता कसलं बांधतेयस!" इशिदासान पाच बोटं दाखवत, वाकून वाकून तिला जपानीत समजावू लागल्या, की पाचव्या महिन्यातच बांधतात. अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत भांडल्या. मी मधे, एका बाजूने गुंडाळलेली!

शेवटी आईने मांडवली केली, "सैल बांध म्हणावं त्यांना."

निघताना त्यांनी ॲपवर काहीतरी लिहून फोन माझ्यापुढे धरला. 'आमच्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते. माझी ओसाकात एकटी बाळंत झाली. मी जाऊ शकले नाही.' मला वाटायचं, ही पद्धत फक्त आपलीच. मी त्यांचा हात धरला. बोलायला तसंही काही येत नव्हतं.

*

मग दुसरी लाट आली. परागच्या बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं म्हणून तो धावत पुण्याला गेला, आणि मागोमाग भारतातून येणारी विमानं बंद! आईचा व्हिसा तर वर्षभर बंदच होता. बाबा सावरले, पण पराग तिकडे अडकला. इथली सुईण मला म्हणाली, "प्रसूतीच्या वेळी एकच माणूस सोबत चालेल. कोण असेल?" कोणीच नाही, असं मी इंग्रजीत सांगून टाकलं.

घरी येऊन इशिदासानचं दार वाजवलं. ॲपमध्ये लिहिलं, 'माझ्याबरोबर याल का?' त्यांनी वाचलं, कमरेत वाकल्या आणि दार लावून घेतलं. गेलं, म्हटलं, परक्या बाईला भलतंच विचारलं. मी जिन्यात बसून मनसोक्त रडले.

दहा मिनिटांनी दार उघडलं. अंगात कोट, पायात बूट, हातात भरलेली बॅग. बाई निघायला तयार!

मी बोटांनी दाखवलं, "अजून तीन आठवडे!"

*

कळा आल्या त्या भर दुपारी. हॉस्पिटलमध्ये नर्सने कागद बघून "मिसेस इशिदा?" असं विचारलं, तर बाई शाळेतल्या हजेरीसारख्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "हाय!" आपण हाकेला ओ देतो ना, तसं त्यांचं हे 'हाय'. मराठीतला त्यांना एकच शब्द येत होता, 'आई'. रोजच्या फोनवर माझ्या तोंडून ऐकून त्याचा अर्थ त्यांनी आपणहून शोधून काढला होता.

आत नर्स सारख्या सूचना देत होती. मला त्यातलं काही म्हणजे काही कळेना. क्लासचं डच, ऑफिसचं इंग्रजी, सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. कळ आली तशी मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आई गं!"

माझा हात घट्ट धरून, मास्कच्या आडून इशिदासान म्हणाल्या, "हाय!"

नर्स चमकून बघायला लागली. मी पुन्हा ओरडले, "आई गं!"

"हाय!"

मुलगी जन्मायला पाच तास लागले. तेवढ्या वेळात मी किती हाका मारल्या असतील, देव जाणे.

"आई गं!"

"हाय!"