पिवळीची जागा

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, पण आफ्रिकन सिक्लिड मासे मात्र मजेत राहतात. त्यांना असंच जड पाणी लागतं. यवतमाळात राहून हा शौक मला जमला तो एवढ्याच कारणाने. मासे दिसायला देखणे, स्वभावाने एक नंबरचे भांडखोर. वणीकडून आणलेल्या चुनखडीच्या दगडांत प्रत्येकाची कपार ठरलेली, आणि सगळ्यात दांडग्या निळ्या माशाची तर अर्धी टाकीच.

आई आमच्याकडे आली त्याच आठवड्यात मी एक पिवळी मासोळी आणून टाकीत सोडली. घाई केली. निळ्याने तिला असं पिटाळलं की तिची शेपटी फाटली, आणि ती वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीमागे जाऊन लपली. खायलासुद्धा खाली येईना.

आई नेरला एकटी राहायची. न्हाणीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा मी तिला जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. मी एकुलती एक. तिला परत एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. पण लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. बॅग तिने रिकामी केलीच नाही. साडी धुवायची, वाळली की परत बॅगेत. दिवसभर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी स्टुलावर बसून राहायची. माझ्या आईला माझ्याच घरात असं अंग चोरून बसलेलं पाहून मला रडू यायचं.

सासूबाई काही वाईट बोलत नव्हत्या. पण बैठकीतली खिडकी त्यांची, खिडकीला लावलेली खाट त्यांची, टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशीखाली. आई तिथे जरा टेकली की त्या नुसत्या बघायच्या, आणि आई उठायची. आता नुसत्या बघण्याबद्दल कोणाला काय बोलणार?

"प्लास्टर निघालं का मले नेरले पोचवून दे," आई रोज म्हणायची.

एका रविवारी दुपारी मी टाकीत कोपरापर्यंत हात घातले. सगळे दगड काढून वेगळ्याच जागी रचायला लागले. सासूबाई खाटेवरून पाहत होत्या.

"चांगलं लावलेलं काहून मोडून राह्यली वो?"

"नाहीतर पिवळी जगायची नाही," मी म्हटलं. "दगड हलवले की निळ्यालाही आपलं घर सापडत नाही. सगळेच नवे होतात. मग तिलाही एखादी कपार मिळते."

"आन् निळा?"

"शोधेल दुसरी. दगड काय कमी आहेत?"

मी टाकीचा दिवा बंद केला आणि काढलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं.

संध्याकाळी नवरा घरी आल्याबरोबर सासूबाईंनी त्याला हाक मारली.

"माही खाट त्या भिंतीले लाव. खिडकीतून लय ऊन येते."

ती खिडकी उत्तरेची. तिच्यातून उन्हाची तिरीपही येत नाही. नवरा तोंड उघडणार, तेवढ्यात मी डोळे वटारले. खाट हलली, मग टीव्ही हलला, कपाट सरकलं, आणि गच्चीवरची दुसरी खाट खाली आली. खिडकी दोन्ही खाटांच्या मधोमध आली. मी झाडू घेऊन कपाटामागची जळमटं काढत राहिले.

निळा काही साधू झाला नाही. पण पिवळीने एका दगडाखालची फट धरली, आणि तो फार जवळ आला की आता तीच त्याच्या अंगावर धावून जाते.

आईचं प्लास्टर निघालं. ती नेरचा विषय काढेल म्हणून मी जीव मुठीत धरून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना बैठकीतून चढलेले आवाज आले.

"टीव्ही कमी करा न वो, विहीणबाई. मी झोपून राह्यली."

"हा काय झोपाचा टाइम हाये?"

"माह्या खाटीवर मी केव्हाबी झोपीन!"

माझी आई. इतक्या मोठ्याने.

जेवायला घरी आलेला नवरा समजूत घालायला उठला. मी ओल्या हातानेच त्याचा शर्ट धरला.

"बस," मी म्हटलं. "भांडू दे तिला."