अठरा की चोवीस

गॅरेज बंद करून पाच वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. हात मात्र आता लवकर दमत. एक नट सोडवायचा, स्टुलावर बसायचं, मग दुसरा.

अंगणातली नव्वद सीसीची जुनी मोटारसायकल मिस्त्री आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांनी मिळून घेतलेली. बरीच वर्षं थोरल्याने चालवली, मग इकडे आली. आता मुलगी तिच्यावरून इस्पितळात जायची; नर्स होती. तीन महिन्यांपूर्वी कार्बोरेटर पार झिजला आणि मिस्त्रींनी नवा, मोठा बसवला. तेव्हापासून गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट धावे, पण थांबून निघताना आचके देऊन बंद पडे.

शुक्रवारी मुलगी ड्यूटीवरून आली ती गाडी ढकलतच.

"बाबा, चौकात दोनदा बंद पडली. मागचा बसवाला म्हणाला, ताई, मी ढकलू का?"

"उद्या आतला पेट्रोलचा जेट बदलून बघतो."

"जेट चार वेळा बदललात. दिवसभर उभी असते मी, वर किका मारायचं त्राण नाही उरलं. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू."

मिस्त्रींनी गाडी तिच्या हातातून घेऊन स्टँडवर लावली. आयुष्यभर लोकांच्या गाड्या मार्गी लावल्या आणि घरची एक जमेना, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी कार्बोरेटर पुन्हा उतरवला. जिथून इंजिन हवा ओढतं ते तोंड पुन्हा मोजलं. चोवीस मिलिमीटर, नव्या कार्बोरेटरएवढंच.

"सगळा दादाचा घोळ," ते पुटपुटले. "तोंड चोवीसचं, आणि यानं अठराचा कार्बोरेटर लावून गाडी चालवली. चिकटपणा, दुसरं काय." भावाला फोनवरही त्यांनी दोनदा हेच सुनावलं होतं.

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. "भाऊजींच्या नावाने खडे फोडू नका. ते भोक तुम्हीच मोठं केलंत."

"मी?"

"लग्नाला महिना झाला होता. शर्यतीत उतरायचं भूत डोक्यात. दोन दिवस कानशीनं घासत बसलात, आणि नवी नवरी फडक्यानं चुरा टिपतेय. कुणाचा तरी मोठा कार्बोरेटर उसना आणलात. शेवटून पहिला नंबर आला. मग भाऊजींनी मुकाट्यानं जुना परत बसवला."

मिस्त्रींनी बोट आत घातलं. काजळीखाली कानशीचे चरे लागले. तिरपे, घाईतले. डावखुऱ्या माणसाचे, म्हणजे त्यांचेच.

ते स्टुलावर बसले. गिऱ्हाइकांना ते किती वेळा सांगत, बारीक नळीनं पाणी सहज ओढता येतं, जाड पाइपनं ओढायला जा, गाल दुखतील पण पाणी चढणार नाही. इंजिनाचा दम केवढा ते बघा. आणि स्वतः मात्र भोकाचं माप घेत बसले होते. तेही आपणच बिघडवलेल्या.

दुपारी लेथवाल्याकडून त्या तोंडात घट्ट बसेल अशी कडी करून घेतली, आतून अठराची. स्पेअरपार्टच्या दुकानात चोवीसचा कार्बोरेटर देऊन अठराचा मागितला.

"मिस्त्री, लोक लहान देऊन मोठा नेतात," दुकानदार म्हणाला.

"नेऊ देत," मिस्त्री म्हणाले. "येतील परत."

रविवारी सकाळी मुलगी निघाली. गल्लीच्या टोकाला थांबून वळावं लागे. गाडी रोज तिथेच बंद पडायची. मिस्त्री फाटकाला टेकून ऐकत राहिले. आवाज मंदावला. टुकटुक करत राहिला. मग उचलला आणि पुढे गेला. ते पायरीवरच बसले.

दुपारी ती आली. "चार सिग्नल लागले."

"मग?"

"मग काय? गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. चहा आहे का?"

एवढंच. तिच्यातही जास्त बोलायचं बळ नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी भावाला फोन लावला. "दादा, तुला उगाच बोललो रे. ते भोक मीच घासलं होतं."

"माहीत आहे. कानस माझी होती."

"मग तीन महिने बोलला का नाहीस?"

"तुझी एवढी खात्री होती, म्हटलं कशाला मोडा." दादानं पलीकडे खाकरून घेतलं. "आता आठवलंच आहे, तर ती कानस परत दे."