दरोडेखोरणीचा कबुलीजबाब
२००५ साली नवऱ्याबरोबर अमेरिकेत चँडलरला आले तेव्हा माझ्या व्हिसावर पगारी काम करायला मनाई होती, फुकट राबायला मात्र कुणाची हरकत नव्हती. संसाराची सवय असल्यामुळे मला यात नवीन काही वाटलं नाही. गावाबाहेरच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी दर शनिवारी जाऊ लागले. तिथे जुन्या काळच्या खटल्याचं नाटक करत. माझी भूमिका घोडागाडी लुटणाऱ्या बाईची. पँट, हॅट, हातात बेड्या.

ते जुनं कोर्टही अजब. ज्यूरीत सगळे पुरुष. बाईने डोळ्याला रुमाल लावला की विरघळले. शिक्षा झालीच, तरी तुरुंगात बायकांसाठी धड कोठडी नसायची, म्हणून तिला लवकर माफी देऊन कटकट मिटवत. हा खरं तर अपमानच, असं माझं मत होतं. पण रडायला मजा यायची.

सासूबाई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. सुनेने पँट घालून दरोडे घातलेले त्यांना चालणार नाहीत, या भीतीने मी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं होतं. आठवड्यातला तेवढा एकच दिवस माझा होता. तो मला घालवायचा नव्हता.

नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण कुणाला काय सांगितलंय हे लक्षात ठेवणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. एका शनिवारी तो आईला म्युझियम दाखवायला घेऊन आला आणि त्याने तिला पहिल्याच बाकावर बसवलं.

न्यायाधीश झालेल्या आजोबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी रडत रडत "नाही" म्हणायचं होतं. मी हॅट काढली आणि चक्क मराठीत म्हणाले, "हो आई, चुकलं माझं."

आजोबा गडबडले. त्यांनी प्रेक्षकांचं मत विचारलं. सगळ्यांनी मला सोडायला हात वर केले, सासूबाई सोडून. त्या उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "शी इज गिल्टी."

माझा शनिवार बुडाला, हे मला तिथेच कळलं.  घरी आल्यावर चहा ठेवताना मी पुन्हा माफी मागितली.

"दरोड्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन महिने मी या घरात भिंतींकडे बघत बसलेय, अन् तू एकटीच पळून जात होतीस. पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?"